वरची पायरी

पैशाने विकत मिळणाऱ्या वस्तूंपैकी जिची किंमत सर्वांत अधिक आणि उपयोग सर्वांत कमी अशी एखादी वस्तू शोधावयाची झाल्यास आम्ही शर्यतीच्या घाटाच्या मोटारीचे, म्हणजे स्पोर्ट्स कारचे, नाव प्रथम घेऊ. ताशी तीनशे किलोमीटर धावण्याची ताकद अंगी असलेली ही मोटार ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावर अवतरते, तेव्हा तिच्यापुढे पाण्याचा टँकर असतो, बाजूला रिक्षा असते आणि खाली, पोटापासून चार बोटांच्या अंतरावर, गतिरोधक असतो. टँकर ज्या गतीने जाईल त्याच गतीने तिला जावे लागते. असे असूनही माना वळतात त्या तिच्याकडे, टँकरकडे नव्हेत. आणि तिच्या धन्याला आपण फसलो असे वाटत असल्याचे आम्ही तरी कधी ऐकले नाही. तेव्हा कोट्यवधी रुपये मोजून तो जे काही विकत घेतो ती गती नव्हे, हे उघड आहे. मग ते काय असावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका चौदा वर्षांच्या मुलाकडून मिळाले. डोंबिवलीस आमच्याच इमारतीत तो राहतो. ज्या वयात आम्ही पावकी-निमकी घोकीत होतो त्या वयात त्याला पोर्शे कंपनीच्या ‘९११’ या एकाच मोटारीचे सारे प्रकार मुखोद्गत आहेत. कॅरेरा, कॅरेरा एस, जीटीएस, टर्बो, टर्बो एस, जीटी-थ्री, जीटी-थ्री आरएस ही सप्तपदी तो एका दमात म्हणून दाखवतो. आम्ही त्याला विचारले, “अरे, पण या साऱ्या दिसतात तर सारख्याच. यांत फरक तो कोणता?”

“काका, फरक कळणाऱ्याला कळतो. कोणाला मागे पंख असतो, कोणाची चाके निराळी, कोणाचा आवाज निराळा.”

“आणि न कळणाऱ्याला?”

“त्याच्यासाठी ती गाडी नसतेच!”

या उत्तरात त्या साऱ्या धंद्याचे मर्म आलेले आहे. कारखानदार मोटार विकतो हे खरे. परंतु मोटारीबरोबर तो एक पायरी विकतो, आणि त्या पायरीची किंमत तिच्या खाली किती पायऱ्या आहेत आणि वर किती उरल्या आहेत यावर ठरते. ज्याने कॅरेरा घेतली त्याला वर कॅरेरा एस दिसली पाहिजे. ज्याने एस घेतली त्याला टर्बो दिसली पाहिजे. दोन पायऱ्यांमधले अंतर फार झाले तर माणूस वर चढण्याचा नाद सोडतो, म्हणून मध्ये ‘जीटीएस’ नावाचा एक पाट ठेवावयाचा. अंतर फार कमी झाले तर वरचा रागावतो, म्हणून वरच्याला आणखी वर उचलावयाचे. हे काम जिन्याच्या सुतारापेक्षा नाजूक आहे, कारण सुताराच्या जिन्यावरून उतरताही येते.

ही युक्ती मूळची शर्यतीच्या मोटारवाल्यांची नव्हे. हेन्री फोर्ड याने १९०८ पासून १९२७ पर्यंत ‘टी’ हा एकच नमुना विकला आणि तो उत्तरोत्तर स्वस्त करीत नेला. गरजू माणसाला मोटार मिळाली की व्यवहार संपला, अशी त्याची समजूत असावी. जनरल मोटर्सचा आल्फ्रेड स्लोन हा मनुष्य निराळ्या बुद्धीचा होता. तळाशी शेव्हरोले, शिखरावर कॅडिलॅक आणि मध्ये क्रमाने चढत जाणारी नावे अशी शिडी त्याने बांधली, आणि दर वर्षी नमुन्यात काही ना काही बदल करण्याचा प्रघात पाडला. गाडी मोडल्याशिवाय जुनी होत नाही ही जगाची समजूत त्याने खोटी ठरवली. शेजाऱ्याच्या दारी नवी आली की आपली जुनी होते, हे त्याने सिद्ध केले. याच कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. म्हणजे ही विद्या आमच्या दारापर्यंत फार पूर्वीच आलेली आहे.

स्पोर्ट्स मोटारीच्या कारखानदारांनी या विद्येत जी भर घातली ती अशी की, बदल तर दिसला पाहिजे, पण मूर्ती तीच राहिली पाहिजे. पोर्शेची ही मोटार १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘९०१’ या नावाने मांडली गेली. मधोमध शून्य असलेले तीन आकडी नाव आपले आहे अशी हरकत प्यूजो या फ्रेंच कंपनीने घेतली, तेव्हा शून्याचा एक झाला आणि ‘९११’ हे नाव कायम झाले. (या शून्याशी आमच्या कल्याणचाही संबंध आहे, तो पुढे येईल.) तेव्हापासून आजवर तिच्या किती तरी पिढ्या झाल्या. १९९७ च्या सुमारास हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले; २०२४ साली पेट्रोलच्या जोडीला वीज आली. तरीही ती उतरती पाठ आणि तो बेडकासारखा चेहरा लांबून ओळखू येतो. मराठी प्रकाशक ज्याला ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ म्हणतात तसा हा प्रकार आहे: ग्रंथ तोच, प्रस्तावना नवी, पाने थोडी अधिक आणि किंमत बरीच अधिक.

आणि ही आवृत्तीसुद्धा एकदम बाहेर येत नाही. मासिकातील कादंबरीप्रमाणे ती क्रमशः प्रसिद्ध होते. अगदी अलीकडच्या पिढीचाच क्रम पाहावा. २०१८ च्या अखेरीस कॅरेरा एस दाखवली गेली, २०१९ मध्ये तिच्याखालची साधी कॅरेरा, २०२० मध्ये टर्बो एस, २०२१ मध्ये जीटी-थ्री आणि जीटीएस, २०२२ मध्ये जीटी-थ्री आरएस. पिढीचे आयुष्य सरत आले तेव्हा २०२३ साली, मोटारीच्या साठाव्या वर्षी, ‘एस/टी’ नावाची खास आवृत्ती निघाली. तिच्या प्रती किती काढाव्या, तर १९६३. जन्मसालाचा आकडा हाच प्रतींचा आकडा! चार-सहा वर्षे ग्राहकाचे कुतूहल कसे जागते ठेवावे हे आमच्या संपादकांनीही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

परंतु हा जिना बांधणाराही कधी कधी अडखळतो. १९९६ साली पोर्शेने बॉक्सस्टर ही स्वस्त मोटार काढली आणि पुढल्याच वर्षी आलेल्या नव्या ९११ ला खर्च वाचावा म्हणून तिचेच पुष्कळसे भाग, तिच्याच धाटणीचे पुढचे दिवेसुद्धा, दिले. हिशेबाच्या दृष्टीने ही गोष्ट शहाणपणाची होती, कारण त्या दशकाच्या आरंभी कंपनी बुडण्याच्या बेतात आली होती. पण महाग गाडीचे चाहते नाराज झाले. आपल्याला दिवे कमी प्रकाशाचे मिळाले अशी त्यांची तक्रार नव्हती. ते खालच्या पायरीवरच्या माणसालाही मिळाले, हे त्यांचे दुःख होते. पुढे केमन ही मोटार आली, तेव्हा तिची ताकद ९११ च्या खालीच राहील अशी दक्षता घेतली गेली. इंजिन मध्यभागी असल्यामुळे ती वळणावर थोरलीला भारी पडू शकेल असे जाणकार म्हणत; पण धाकट्या जावेने थोरलीपुढे किती बोलावे याचे नियम त्याही घरात आहेत.

इटलीतील फेरारीची तऱ्हा याहून मानी. १९६८ च्या सुमारास तिने आपली लहान व स्वस्त मोटार बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर फेरारी हे नावच घातले नाही. संस्थापक एन्झो फेरारी यांचा १९५६ साली ऐन तारुण्यात वारलेला मुलगा डिनो याचे नाव तिला दिले. नाव देताना बापाचे मन असेल, नाव राखताना मात्र व्यापारी जागा होता. या घराण्याच्या मधल्या फळीतील मोटारी पाहिल्या तर २००९ मध्ये ४५८, २०१५ मध्ये ४८८, २०१९ मध्ये एफ-८ आणि २०२१ मध्ये २९६ अशी वंशावळ दिसते. आणि या साऱ्यांच्या वर, अदमासे दहा वर्षांतून एकदा, कुंभमेळ्यासारखी एक महामोटार प्रकट होते. १९८७ ची एफ-४०, १९९५ ची एफ-५०, २००२ ची एन्झो, २०१३ ची लाफेरारी, २०२४ ची एफ-८०. ती नुसत्या पैशाने मिळत नाही. आधी घरच्या पुष्कळ मोटारी घेतलेल्या निष्ठावंतालाच तिचे बोलावणे येते. २०२४ साली या कंपनीने साऱ्या जगात १३,७५२ मोटारी विकल्या. तिला अधिक करता येत नाहीत असे नाही. अधिक करावयाच्या नाहीत. आमच्याकडे शाळाप्रवेशाच्या रांगा जागा कमी असल्यामुळे लागतात; तेथे रांग लागावी म्हणून जागा कमी ठेवतात.

आता एक मौजेची गोष्ट. हा सारा थाट सांभाळण्यास लागणारा पैसा अलीकडे येतो तो शर्यतीच्या मोटारींतून नव्हे, तर ऐसपैस, उंच, मुलाबाळांना घेऊन जाण्याच्या गाड्यांतून. पोर्शेने २००२ मध्ये कायेन काढली तेव्हा जुने भक्त हळहळले. पण तिच्याच कमाईने ९११ चे संगोपन झाले. लॅम्बोर्गिनीने २०१७ साली ३,८१५ मोटारी विकल्या होत्या. उरूस ही उंच गाडी आल्यावर २०१९ साली तो आकडा ८,२०५ झाला. फेरारीनेही २०२२ मध्ये चार दारांची पुरोसांग्वे काढलीच, मात्र तिची संख्या एकूण उत्पादनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ द्यावयाची नाही असा संकल्प सोडला. आमच्या टिटवाळ्याच्या गणपतीस जाणाऱ्यांना यात नवल वाटू नये. गाभाऱ्यात मूर्ती असते आणि व्यवहार बाहेर पेढ्यांच्या दुकानांत चालतो. मात्र मूर्ती गाभाऱ्यातून हलवली तर पेढ्याला कोण विचारणार?

येथवर आम्ही दूरदेशीचे बोललो. पण मोटारीचे नमुने कसे बदलावे, किंवा बदलू नयेत, याचा एक मोठा धडा आमच्या अंगणातच झालेला आहे. सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिचा कारखाना प्रथम कुर्ल्यास होता, पुढे आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावरही झाला. फियाटची परवानगी घेऊन तिने जी लहान मोटार केली, तिचा १९६४ चा नमुना हा पुढील साडेतीन दशकांचा नमुना ठरला. फियाटशी असलेला करार संपल्यावर तिचे नाव ‘प्रेसिडेंट’ झाले, आणि १९७४ साली चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ झाले. गाडी तीच, नाव नवे. त्याच १९७४ साली भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग मोडला. म्हणजे त्या वर्षी पुष्कळ लोक तिसऱ्या वर्गाच्या त्याच बाकावरून न उठता दुसऱ्या वर्गात गेले. नावाने पायरी चढवण्याची कला केवळ परदेशी कारखानदारांनाच अवगत होती असे कोणी समजू नये.

पद्मिनीसाठीही लोक वर्षानुवर्षे थांबत. किती मोटारी करावयाच्या हे परवान्यांवर ठरे, त्यामुळे हातोहात मिळणारी वापरलेली गाडी कधी कधी नव्या गाडीच्या भावाला भारी पडे. फेरारीच्या खास मोटारींचे आज नेमके हेच होते. तुटवडा दोन्हीकडे सारखा. एके ठिकाणी तो सरकारने घडवला, दुसऱ्या ठिकाणी कलावंताने.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि धीम्या संसाराला जाग आली. प्रीमियरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ काढली. तिचा सांगाडा फियाटच्या १९६६ च्या नमुन्यावर बेतलेला आणि इंजिन मात्र जपानच्या निसानचे. त्यानंतर १९९४ साली, देशाचे दरवाजे उघडल्यावर, आमच्या कल्याणच्या कारखान्यात ‘प्यूजो ३०९’ होऊ लागली. मघाचा शून्य तो हाच! ज्या शून्यासाठी ९०१ ला नाव बदलावे लागले, तो मधला शून्य मिरवणारी मोटार आमच्या शीळ रस्त्यावर तयार झाली. केवळ एवढेच झाले की, ही ३०९ तिच्या माहेरी १९९३ सालीच बंद होऊन तिची जागा ३०६ ने घेतली होती. तेथे जे उतरवून ठेवले ते येथे नवे म्हणून चढवले गेले. कामगारांचे तंटे आणि भागीदारांची ओढाताण यांत तीन-चार वर्षांत हा संसार आटोपला. २००० च्या सुमारास पद्मिनीही थांबली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरची अखेरची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. शीळ रस्त्याच्या दुतर्फा आता उंच इमारती आहेत. प्रीमियरचे नाव मात्र त्या भागातील जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप आहे.

वर सांगितलेल्या मुलाच्या आजोबांकडे अशी एक पद्मिनी होती. एकदा नातवाने त्यांना विचारले, “आजोबा, तुमची गाडी कुठल्या सालची होती?”

आजोबा थोडा वेळ आठवून म्हणाले, “साल काही लक्षात नाही रे. तेव्हा गाडीला साल नसे. असे ती गाडी असे, नाही तर नसे.”

आम्हांस या उत्तराने पुष्कळ दिवस विचारात पाडले. पद्मिनी बाहेरून पाहून ती दोन वर्षांची की बारा वर्षांची हे सांगता येत नसे. तिच्या धन्याला कोणी नव्या नमुन्याने मागे टाकू शकत नव्हते, कारण नवा नमुना नव्हताच. वस्तू झिजत होती, जुनी होत नव्हती. आज वस्तू झिजण्याच्या कितीतरी आधी जुनी होते, आणि हे जुनेपण तिच्या अंगी नसून शेजारच्या वाहनतळात असते. कारखानदाराने नमुन्याला साल जोडले आणि काळ, जो पूर्वी केवळ आरशात दिसत असे, तो दारातल्या गाडीतही दिसू लागला.

तथापि जुन्याचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पद्मिनी बदलली नाही ती काही वैराग्याने नव्हे. स्पर्धाच नव्हती म्हणून बदलली नाही. तिचे ब्रेक दाबताना पायाबरोबर देवाचेही नाव घ्यावे लागे; पावसाळ्यात ती कोठे थांबेल याचा नेम नसे. त्याच काळात बाहेर इंजिने कमी तेलात अधिक धावू लागली, टकरीत माणूस वाचावा म्हणून सांगाडे बदलले, आणि यातील पुष्कळशा गोष्टी प्रथम महाग मोटारींत येऊन मग हळूहळू खाली उतरल्या. वरची पायरी नसती तर तीही गोष्ट घडली नसती. तेव्हा बदल नको म्हणणारा आणि प्रत्येक बदलामागे धावणारा हे दोघेही सारखेच आंधळे. प्रश्न एवढाच की कोणता बदल इंजिनात झाला आणि कोणता नुसत्या दिव्यात, हे ओळखावयाचे कसे?

हा प्रश्न त्याच घरात नुकताच उपस्थित झाला. मुलाच्या वडिलांची गाडी पाच वर्षांची आहे. एमएच-०५ क्रमांकाची, सर्वसाधारण कुटुंबाची, हप्ते नुकतेच फिटलेली. त्याच गाडीची नवी आवृत्ती निघाली असून तिच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल दिव्याची रेघ आहे. ती पाहिल्यापासून वडिलांना आपली गाडी जुनी दिसू लागली. ती देऊन नवी घ्यावी, वरच्या रकमेसाठी सात वर्षांचे कर्ज काढावे, असा त्यांचा विचार होता. त्याच सात वर्षांत मुलाचे कॉलेज येते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. आमची अपेक्षा अशी की, ज्याला साऱ्या जगाच्या मोटारी पाठ आहेत तो मुलगा वडिलांची बाजू घेईल. पण झाले उलटे.

“बाबा, इंजिन तेच आहे,” तो म्हणाला. “गिअरबॉक्सही तोच. त्यांनी नुसता दिवा बदललाय.”

आम्ही मनात त्याला शाबासकी दिली. आम्ही ज्याला नाद समजत होतो तो अभ्यास होता. पायऱ्या ज्याला पाठ असतात तोच त्यांपैकी कोणती खरी आणि कोणती रंगवलेली हे सांगू शकतो. न अभ्यासता चढणाऱ्याचाच पाय घसरतो. परंतु त्याच्या वडिलांनी जे उत्तर दिले तेही आम्हांस खोडून काढता आले नाही.

“अरे, पण रस्त्यावर लोकांना इंजिन कुठे दिसते? दिसतो तो दिवाच.”

गाडीचा निर्णय हे लिहीपर्यंत झालेला नाही. आम्ही शेजारी, आम्ही काय सांगणार? आम्हीही डोंबिवलीहून लोकलच्या पहिल्या वर्गाने कित्येक वर्षे प्रवास केला आहे. तो डबा दुसऱ्या वर्गाच्या डब्याला जोडलेलाच असतो, त्याच रुळांवरून, त्याच क्षणी ठाण्यास पोहोचतो, आणि सकाळच्या वेळी गर्दीही तीच असते. फरक कळणाऱ्याला कळतो.

तरी एक हकीकत त्या वडिलांना सांगावी असे आमच्या मनात आहे. १९७० नंतरच्या दशकात पोर्शेच्या चालकांनी ९११ ही मोटार बंद करून तिच्या जागी ९२८ ही मोठी, नव्या घाटाची मोटार आणण्याचे ठरवले होते. १९८१ साली पीटर शुट्झ हे कंपनीचे प्रमुख झाले. मुख्य अभियंता हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक आलेख होता. त्यावर प्रत्येक मोटारीच्या पुढील वाटचालीची रेघ होती आणि ९११ ची रेघ मध्येच संपली होती. शुट्झ यांनी सांगितलेली आठवण अशी की, त्यांनी लेखणी उचलली आणि ती रेघ कागदाबाहेर, भिंतीवरून, थेट दारापर्यंत ओढत नेली. ९२८ ही १९९५ साली संपली. ९११ आजही चालू आहे.

असा एक आलेख आमच्या मते प्रत्येक घराच्या भिंतीवर असतो. केवळ तो दिसत नाही. गाडी, घर, मुलाचे शिक्षण, आजोबांचे औषध, टिटवाळ्याची वार्षिक फेरी अशा त्यावर अनेक रेघा असतात. दर वर्षी बाहेरून कोणीतरी येऊन त्यांत एक चकचकीत लाल रेघ काढून जातो, आणि ती सामावण्यासाठी दुसरी कोणती तरी थोडी अलीकडे थांबवावी लागते. कारखानदाराला दोष देण्यात अर्थ नाही; आपली रेघ कोठवर न्यावयाची हे त्याने बरोबर ओळखले आहे. आपल्या भिंतीवरची लेखणी कोणाच्या हातात आहे, एवढे आपण पाहिले म्हणजे पुरे.